छाती कमी करायचं ऑपरेशन: ब्लाउज शिवणाऱ्या एका ताईंची केस

ही केस माझ्या फिजिओथेरपीच्या ओपीडीतली आहे. ताईंना विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. वय ४१, कृष्णाकाठचं एक गाव, दोन मुलं, थोरला बारावीला. घरातच शिलाईकाम, मुख्यतः ब्लाउज, लग्नसराईत रात्री बारापर्यंत मशीन चालू. नवरा एमआयडीसीतल्या कंपनीत, त्यामुळे ग्रुप मेडिक्लेम होता, आणि हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरला.

आल्या त्या मानेसाठी. हातात फाईल, फाईलमध्ये दोन एक्सरे, एक एमआरआय, आणि सगळीकडे "स्पॉन्डिलायसिस" लिहिलेलं. चाळिशीतल्या बऱ्याच जणांच्या मानेच्या एक्सरेत थोडीफार झीज दिसतेच, त्यामुळे तो शब्द वाचून मला फारसा उजेड पडला नाही. तक्रार अशी की मशीनवर अर्धा तास बसलं की मान, खांदे आणि पाठीवरच्या दोन्ही पंख्यांच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडांच्या) मधली जागा भरून येते, संध्याकाळी डोकं दुखतं, आणि रात्री करंगळीकडच्या बोटांना मुंग्या येतात. मानेचा पट्टा लावून झाला होता, ट्रॅक्शन (वजन लावून मान ताणणं) झालं होतं, शेक झाला होता, मलम तर किती ते विचारूच नका. मीही सुरुवातीला तेच केलं जे सगळे करतात, शेक, ओपीडीतलं मशीन, मानेचे व्यायाम, बसायची उंची बदलायला सांगितली. दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी जैसे थे.

खरी गोष्ट खांदे तपासताना दिसली. ब्लाउजचा गळा थोडा बाजूला केला तर दोन्ही खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांच्या अक्षरशः खाचा पडलेल्या, बोट आडवं ठेवलं तर बसेल एवढ्या, आणि तिथली कातडी काळवंडलेली. मग मी सरळ विचारलं की ताई छातीच्या वजनाचा त्रास होतो का. त्या आधी गप्प, मग एकदम म्हणाल्या, "मॅडम, हे आजवर कुणी विचारलंच नाही, आणि मी तरी कुणाला सांगणार, सगळे डॉक्टर बाप्ये." मग सगळं बाहेर आलं. छातीखाली घडीत बारा महिने ओलसरपणा, पावसाळ्यात तिथं लाल होऊन सोलवटून निघायचं, मेडिकलवाला देईल ती बुरशीची पावडर लावायची आणि मध्ये सुती कापडाची पट्टी ठेवायची. बाजारात मापाची ब्रा मिळत नाही म्हणून स्वतःच शिवलेली, पट्ट्या दुहेरी. चालायला जा म्हणून डॉक्टर सांगायचे पण जोरात चाललं की छाती दुखायची आणि रस्त्यावरची माणसं बघायची ती वेगळीच.

आता यात काय होतं ते थोडक्यात सांगते. पुढे सतत लोंबणारं वजन असलं की पाठीचा वरचा भाग पुढे वाकतो, खांदे आत येतात, आणि मान सरळ ठेवायला मागचे स्नायू दिवसभर ओढत राहतात. त्यात ब्राची पट्टी ट्रॅपेझियसवर, म्हणजे मानेपासून खांद्यापर्यंतच्या स्नायूवर, रुततेय. मी त्या स्नायूला रोज अर्धा तास मोकळं करणार आणि उरलेला सगळा वेळ ते वजन त्याला परत आवळणार, कसं जमायचं? फिजिओ म्हणून हे लिहिताना बरं वाटत नाही, पण अशा पेशंटमध्ये व्यायाम, चांगली ब्रा, वजन कमी करणं यांनी कायमचा आराम मिळेलच असं नाही. अमेरिकेत २००२ साली छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्षही जवळपास हाच होता, ऑपरेशनने दुखणं बरंच कमी झालं, बाकी उपायांनी टिकाऊ फरक पडला नाही. ताईंनी तरी आधी वजनाचा प्रयत्न केलाच होता, पाचेक किलो उतरवलेही होते, पण कंबर कमी झाली, छाती आहे तिथंच. स्तनात चरबी किती आणि ग्रंथींचा भाग किती हे प्रत्येकीचं वेगळं असतं, त्यामुळे कुणाची छाती डाएटने उतरते आणि कुणाची ढिम्म हलत नाही.

मी प्लास्टिक सर्जनकडे जायचं सुचवलं आणि घरात गदारोळ झाला. नवऱ्याला वाटलं हे नट्यांचं काम. सासूबाई, ज्यांना ताई आत्या म्हणतात, त्यांनी पहिला प्रश्न केला, "गाठ हाय का? कॅन्सर हाय का?" नाही म्हटल्यावर, "मग चांगल्या अंगाला सुरी कशाला लावायची." खरं सांगू का, आत्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. कुठलंही ऑपरेशन कशाला हे विचारायलाच पाहिजे. फक्त त्याचं उत्तर छाती किती मोठी दिसते यावर नसतं, बाईचं दुखणं आणि रोजचं जगणं किती अडतंय यावर असतं, आणि ताईंचं तर पोटच त्या मशीनवर होतं.

सर्जन बाईच मिळाल्या, शोधूनच काढल्या तशा. पहिल्या भेटीत टेप काढून मापं घेतली. गळ्याखालच्या खळग्यापासून निपलपर्यंत ३४ सेंटीमीटर भरलं, साधारण २१ च्या आसपास असतं ते. उजवी बाजू डावीपेक्षा मोठी. दोन बाजूंत थोडाफार फरक मात्र बहुतेक बायकांचा असतोच आणि ऑपरेशननंतरही दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत, हे सर्जन मॅडमनी तिथंच सांगून टाकलं. वय चाळिशीच्या पुढे म्हणून आधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्सरे. साखर, हिमोग्लोबिन, ईसीजी. ॲस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि वैद्याकडच्या पुड्या काही चालू असतील तर सांगा, बंद कराव्या लागतील. मग विचारलं सिगारेट? ताई हसल्या. तंबाखू? नाही. मी शेजारीच बसले होते, मी म्हटलं मिश्री विचारा. तर सकाळ-संध्याकाळ मिश्री, आत्यांच्या जोडीनं, गेली वीस वर्षं. आपल्याकडे बायका मिश्रीला तंबाखू धरतच नाहीत, दात घासायचं ते! पण ती भाजलेली तंबाखूच आहे, त्यातलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि या ऑपरेशनमध्ये कातडी आणि निपल दोन्ही त्या बारीक वाहिन्यांवरच जगणार असतात. निदान महिनाभर आधी बंद आणि नंतरही महिनाभर बंद, नाहीतर मी हात लावणार नाही, असं मॅडम स्पष्ट म्हणाल्या.

ऑपरेशनची पद्धत समजवताना मात्र मजा आली, कारण समोर टेलरबाई. मॅडमनी कागदावर काढून दाखवलं की निपलच्या भोवती गोल, तिथून खाली सरळ आणि मग खालच्या घडीत आडवा, असा जहाजाच्या नांगरासारखा छेद येतो, मधला आणि खालचा भाग काढायचा, उरलेलं गोळा करून वर उचलायचं. ताई म्हणाल्या, "म्हणजे टक्स घेऊन कटोरी बसवायची." आणि गंमत म्हणजे ते खरंच तसं आहे. १९५६ साली रॉबर्ट वाइज नावाच्या सर्जननं ही आखणी मांडली तीच ब्राच्या कटिंगवरून, आजही तिला वाइज पॅटर्नच म्हणतात. कमी काढायचं असेल तर आडवा छेद टाळून नुसता गोल आणि उभा अशीही पद्धत आहे, पण ताईंच्या मापाला ती पुरणार नव्हती. निपल कापून वेगळं काढत नाहीत, आतल्या मांसाच्या एका देठावर रक्तवाहिन्या आणि नसांसकट ठेवतात आणि त्या देठासकट वर सरकवतात. फारच मोठी छाती असेल तर कधी निपल पूर्ण सुटं करून कलमासारखं लावावं लागतं, मग तिथली संवेदना नेहमीसारखी राहत नाही आणि दूध तर येतच नाही.

मॅडमनी न विचारता जे सांगितलं ते सगळ्यांनी ऐकण्यासारखं. व्रण कायमचे राहणार, फिके होतील पण जाणार नाहीत, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत ते जाड व्हायची शक्यता जास्त. निपलची संवेदना कमी होऊ शकते, क्वचित पूर्ण जाते, कधी उलट वाढते. क्वचित निपलचा रक्तपुरवठा तुटून तो भाग काळा पडून गळूही शकतो. पुढे मूल हवं असेल तर दूध पाजता येईलच याची खात्री नाही. ताईंचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं म्हणून तो प्रश्न नव्हता, पण बावीस-पंचवीसच्या मुलींनी हा विषय नीट बोलून घ्यावा. अमुक कपचं माप मिळेल अशी हमी कुणी देत असेल तर तिथून उठून यावं. ताईंनी विचारलं किती इंच कमी होईल, मॅडम म्हणाल्या इंच मी सांगत नाही, तुमच्या अंगाला शोभेल आणि निपल जगेल एवढंच काढणार. मला ते उत्तर आवडलं. ताईंना नाही आवडलं, त्यांना इंचात बोलायची सवय.

पैशाचं आता. पॅकेज पावणेदोन लाखांच्या घरातलं. मुंबईत केईएम, सायन, जेजे किंवा पुण्यात ससूनला प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत आणि खर्च कितीतरी कमी, पण भाजलेले, ॲक्सिडेंटचे, कॅन्सरचे पेशंट आधी, त्यामुळे वाट बघायची तयारी ठेवावी लागते. ताईंनी खाजगी धरलं आणि कॅशलेसला अर्ज केला. नकार आला, कारण "कॉस्मेटिक". आरोग्य विम्याच्या पॉलिसीत कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळणारं एक ठरावीक कलम असतं, कोड एक्सक्ल०८. पण ते कलम पूर्ण वाचलं तर त्यातच लिहिलंय की थेट आणि तातडीचा आरोग्याचा धोका दूर करायला गरजेचं उपचार म्हणून केलं आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनं तसं प्रमाणित केलं, तर ते वगळलेलं नाही. अमेरिकेत विमा कंपन्या शरीराच्या आकारमानाप्रमाणे किती ग्रॅम काढलं याचं कोष्टक लावतात, आपल्याकडच्या या कलमात ग्रॅमचा आकडा नाही, म्हणून सगळा भार कागदांवर. आम्ही मग फाईल बांधली: माझ्या ओपीडीच्या तारखांसकट नोंदी, दुखण्याचा आकडा दर भेटीचा, स्किनवाल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, एमआरआय, खांद्याच्या खाचांचे आणि पुरळाचे फोटो, सर्जनचं पत्र. पैसे आधी घरातून भरले (सोनं गहाण पडलं, लपवत नाही) आणि नंतर रिइम्बर्समेंटला लावलं. एकदा परत नाकारलं. मग कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी, आणि विमा लोकपालाकडे जाऊ असं त्यात लिहिलं, तेव्हा थोडी काटछाट करून मंजूर झालं. प्रत्येकीचं होईलच असं नाही, पण ऑपरेशननंतर कागद जमवायला गेलात तर आधीच्या तारखांच्या नोंदी कुठून आणणार?

ऑपरेशनच्या सकाळी मॅडमनी ताईंना उभं करून मार्करने सगळी आखणी केली. आडवं झोपल्यावर छाती बाजूला पसरते, म्हणून रेघा उभ्यानेच मारतात. ताई आरशात बघून म्हणाल्या खडूच्या खुणा बरोबर पडल्यात, डावीकडची जरा वर घ्या. पूर्ण भूल, साडेतीन तास. उजवीकडून ८१० ग्रॅम, डावीकडून ६९० ग्रॅम, म्हणजे बरोबर दीड किलो. काढलेलं सगळं तपासणीला पाठवतात, कारण क्वचित त्यात न दिसलेला कॅन्सर सापडतो. ताईंचा रिपोर्ट साधा आला. दोन्ही बाजूंना आत साचणारं रक्त-पाणी बाहेर काढायच्या ड्रेनच्या नळ्या, त्या दुसऱ्या दिवशी काढल्या. ऑपरेशनच्याच संध्याकाळी उठवून चालवलं, पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. दोन रात्री हॉस्पिटल, मग घरी.

दुखणं अपेक्षेपेक्षा कमी होतं, हे ताईच नव्हे तर बऱ्याच बायका सांगतात. साध्या गोळ्यांवर भागलं. त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टींचा, पोट साफ न होणं, उताणंच झोपायचं, घट्ट सपोर्ट ब्रा रात्रंदिवस सहा आठवडे, केस विंचरायला हात वर न्यायचा नाही, पाण्याची कळशी तर सोडाच पण भरलेला कुकरही उचलायचा नाही. गावच्या घरात हे पाळायचं म्हणजे कुणीतरी घर चालवणारं माणूस लागतंच. इथं आत्या उभ्या राहिल्या. तोंडानं कटकट चालू आणि हातानं भाकरी चालू.

मान? ती दुसऱ्या दिवशीच हलकी. ताईंचा फोन आला तर आवाजच वेगळा, म्हणाल्या बसल्यावर पुढे पडल्यासारखं होत नाही. पण त्याच आठवड्यात पहिलं ड्रेसिंग उघडलं आणि आरशात बघून रडल्या. छाती वर चढलेली, चौकोनी, सुजलेली, निळी-जांभळी, टाक्यांच्या काळ्या रेघा. हे आधी फोटोत दाखवलेलं असूनही धक्का बसतोच. वरची सूज खाली उतरून गोलाई यायला तीन ते सहा महिने लागतात, आणि तोपर्यंत आकारावरून काहीही ठरवायचं नाही. कितीतरी जणी पहिल्याच महिन्यात "बिघडलं" ठरवून मोकळ्या होतात.

तिसऱ्या आठवड्यात डावीकडे जिथं उभा आणि आडवा छेद मिळतो तिथं टाका उसवला, दीड सेंटीमीटरची जागा उघडी पडली, पिवळसर पाणी यायला लागलं. घरात लगेच "तरी म्हटलं होतं". तीन बाजूंच्या कातडीची टोकं तिथं एकत्र येतात, ताण सगळ्यात जास्त आणि रक्त सगळ्यात कमी, त्यामुळे या ऑपरेशनमध्ये जखम उघडली तर बहुतेक तिथंच उघडते. ताप नव्हता, आजूबाजूला लाली पसरत नव्हती, म्हणून परत टाके न घालता रोज ड्रेसिंग, आणि महिन्याभरात आतून भरून आलं. आता यात एक गोष्ट. मी सहज विचारलं मिश्री? ताई खाली बघायला लागल्या. घरी गेल्यावर आठवड्यातच परत सुरू झाली होती, "एवढीशीच". जखम मिश्रीनेच उघडली असं मी म्हणणार नाही, ज्या काही लावत नाहीत त्यांचीही उघडते, पण महिनाभर आधी जीव मारून बंद केलेलं नेमकं गरज असताना सुरू करायचं याला काय म्हणावं. त्या दिवशी सुनेच्या आधी आत्यांनाच दम भरावा लागला, डबी दोघींची एकच होती ना.

सहा आठवड्यांनी त्या माझ्याकडे परत आल्या आणि माझं खरं काम तेव्हा सुरू झालं. वजन गेलं तरी वीस वर्षांची वाकायची सवय जात नाही. खांदे मागे घ्यायला, पंख्यांमधल्या स्नायूंना ताकद यायला रबर बँडचे व्यायाम, छातीचे पुढचे स्नायू ताणणं, व्रणावर हलका मसाज, सिलिकॉन जेल. मशीनची खुर्ची दोन इंच उंच. दहापैकी आठवर असलेलं दुखणं आज दोन-तीनवर आहे, शून्य नाही. मानेतली झीज जागेवरच आहे, लग्नसराईत रात्री बारापर्यंत बसलं की दुखणारच. मुंग्या गेल्या. घडीतलं पुरळ यंदाच्या पावसाळ्यात अजिबात आलं नाही, आणि ताईंच्या हिशेबात हा फायदा मानेपेक्षा मोठा आहे. उजव्या निपलची संवेदना बरीच परत आली, डाव्याला काही महिने ब्लाउजचं अस्तर लागलं तरी झिणझिण्या यायच्या, आता निवल्यात, थोडा बधिरपणा आहे. आडव्या व्रणाचं छातीच्या मध्याकडचं टोक जाड आणि लालसर झालंय, खाजतं, त्यावर मॅडमनी इंजेक्शन सुचवलंय. बाकीच्या रेघा वर्षभरात फिक्या पडत चालल्यात.

गावात बायका म्हणतात बारीक झालीस, डाएट सांग. ताई सांगतात चालायला जाते, आणि ते खोटं नाही, आता खरंच जातात. शिलाईला येणाऱ्या दोघी-तिघींच्या खांद्यावरच्या खाचा बघून मात्र त्यांनी माझा नंबर दिलाय. त्यातली एक एकोणीस वर्षांची, तिला मी सध्या थांबायला सांगितलंय, छातीची वाढ थांबून माप वर्षभर स्थिर राहिलंय का ते आधी बघू. दुसरीला अजून एक मूल हवंय आणि वजनही बरंच उतरवायचंय. बाळंतपणात आणि वजनाच्या चढउतारात छाती परत बदलते, म्हणून तिचं ते दोन्ही आधी उरकलेलं बरं.

ताईंची मॅमोग्राफी या महिन्यात नव्यानं करायचीय, पुढच्या सगळ्या तुलना तिच्याशी होणार. ऑपरेशननंतर आत कधीकधी चरबी मरून गाठ होते किंवा कॅल्शियमचे ठिपके दिसतात, आणि बघणाऱ्याला आधी माहीत नसेल तर विनाकारण सुई टोचायची वेळ येते. म्हणून सोनोग्राफी असो की मॅमोग्राफी, टेबलवर जायच्या आधी ऑपरेशन झालंय हे सांगायचं आणि डिस्चार्ज कार्ड, तपासणीचा रिपोर्ट, जुने फोटो असलेली फाईल बरोबर न्यायची, असं त्यांना बजावून ठेवलंय.